आठ बाय दहाची खोली आणि हीट प्रेस

मित्रहो, ओहमचा नियम आपण सगळ्यांनीच पाठ केलाय. पेपरात लिहिला, मार्क मिळवले आणि विसरलो. तो आपल्याच घरच्यांच्या पोटापाण्याला उपयोगी पडेल, असं मला मागच्या उन्हाळ्यापर्यंत वाटलं नव्हतं.

मी पालीचा. बीडहून मांजरसुंब्याकडं निघालं की बिंदुसरा धरणाजवळचं आमचं गाव. माझा चुलतभाऊ आणि वहिनी दरवर्षी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जायचे. पण लेकरू तीन वर्षांचं झालं आणि 'याला आता फडात न्यायचं नाही' असं वहिनीनं ठरवलं. तिला शिलाई येते. घराच्या पुढच्या खोलीत टी-शर्ट छापायचं काम सुरू करायचं, असं दोघांच्या मनात आलं. गणेश मंडळं, हरिनाम सप्ताह, कबड्डीच्या टीमा, शाळांची गॅदरिंग, अशी गिऱ्हाइकं डोळ्यांसमोर होती. दादा मला म्हणाला, "तू विजेचंच शिकायलास ना? मग मशीन कोणतं घ्यावं ते तूच सांग."

आता हीट प्रेस म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगायचं तर दाब देणारी मोठी इस्त्री. वरच्या प्लेटमध्ये हीटर, खालच्या प्लेटवर सिलिकॉनची गादी, मधे टी-शर्ट आणि छापाचा कागद. कंट्रोलरवर तापमान आणि वेळ लावायची. पॉलिस्टरवर सब्लिमेशन करायचं तर साधारण २०० डिग्री आणि ४५ ते ६० सेकंद. डीटीएफची फिल्म १५० ते १६० डिग्रीला १०-१५ सेकंदांत चिकटते. शुद्ध सुती कापडावर सब्लिमेशन टिकत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

मशीनचे मुख्य प्रकार तीन. पहिला क्लॅमशेल, म्हणजे शिंपल्यासारखा वर उघडणारा. हा जागा सर्वात कमी खातो. पण झाकण थोडंच उघडतं, त्यामुळं कापड नीट करताना हाताची मागची बाजू तापलेल्या प्लेटला लागते. दुसरा स्विंग, ज्यात गरम प्लेट उचलून बाजूला फिरते. समोर हात घालायला मोकळं, पण बाजूला प्लेटच्या रुंदीएवढी जागा कायम रिकामी ठेवावी लागते. तिसरा ड्रॉवरचा. त्यात खालची प्लेट कपाटाच्या खणासारखी पुढं ओढायची, कापड लावायचं आणि परत आत ढकलायची. याला जागा पुढं लागते, पण तिथं तर आपण उभेच असतो!

याशिवाय इस्त्रीसारखे हातात धरायचे छोटे प्रेसही मिळतात. जागेचा प्रश्नच नाही, पण दाब हातानं द्यायचा, म्हणजे तो सगळीकडं सारखा पडत नाही. शिवाय लेकरानं वायर ओढली तर गरम प्रेस थेट अंगावर.

दादाला बीडमध्ये एक जुनं स्विंग मशीन स्वस्तात मिळत होतं. मी म्हणालो, आधी खोलीत मापं टाकू. आठ बाय दहाच्या खोलीत खडूनं टेबल, शिलाई मशीन आणि प्रेस आखला. मग फिरणाऱ्या प्लेटचा कंस काढला. तो नेमका आतल्या दारासमोर आला. वहिनी तिथं उभी राहिली आणि म्हणाली, "भावजी, लेकरू इथूनच पळत येतं की." आमची निम्मी चर्चा तिथंच संपली. कॅटलॉगात मशीनचा पाया किती ते लिहिलेलं असतं, चालू मशीन किती जागा घेतं ते आपणच आखून बघावं लागतं.

तरी ते जुनं मशीन आम्ही बघून आलो. प्लगची अर्थची मोठी पिन कुणीतरी तोडून टाकली होती! 'चालतंय तसंच' असं उत्तर मिळालं. मित्रहो, हीटरचं इन्सुलेशन ओल धरून किंवा जुनं होऊन कमजोर झालं की करंट लोखंडी बॉडीवर येतो. अर्थिंग असेल तर त्याला जमिनीकडं वाट मिळते. नसेल तर हात लावणारा माणूसच ती वाट होतो. आम्ही नमस्कार करून परत आलो.

आता आपला ओहम. ३८ बाय ३८ सेंटिमीटर प्लेटचं एक मशीन १४०० वॅटचं होतं. २३० व्होल्टला करंट झाला ६.१ अँपिअर. घरातलं साधं सॉकेट ६ अँपिअरचं! म्हणजे १६ अँपिअरचं सॉकेटच हवं, आणि एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच. आम्ही मीटरपासून २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर ओढून घेतली, १६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. जाणारा आणि परत येणारा करंट यांत फरक पडला की आरसीसीबी तुटतो, तो माणसासाठी. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालत जा, कारण कोरड्या जमिनीचा रेझिस्टन्स वाढतो.

दुसरी गंमत व्होल्टेजची. संध्याकाळी आमच्याकडं ते १८० पर्यंत उतरतं. वॅटेज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं, म्हणून १४०० वॅटचा हीटर तेव्हा जेमतेम ८५७ वॅट देतो. प्लेट तापायला वेळ लागतो, आणि एकामागोमाग शर्ट दाबले की तापमान खाली येतं. अशा वेळी आकडा परत वर येईपर्यंत थांबायचं. घाई केली की पहिल्याच धुण्यात छाप निघतो आणि गिऱ्हाईक तुटतं.

शेवटी घेतलं ते ड्रॉवरचं आणि वेळ संपल्यावर झाकण आपोआप उघडणारं क्लॅमशेल. थोडं महाग पडलं, पण कापड लावताना हात गरम प्लेटखाली जात नाही, आणि वहिनी लेकराकडं वळली तरी शर्ट करपत नाही. झाकण झटक्यानं उघडतं, म्हणून तोंड मात्र मागं ठेवायचं. ए-४ छाप ३८ च्या प्लेटवर आरामात बसतो. ए-३ ची लांबी ४२ सेंटिमीटर, तो बसत नाही. मंडळांच्या कामाला ए-४ पुरतो म्हणून मोठ्या मशीनचा मोह टाळला.

टेबल लोखंडी घेतलं आणि ते भिंतीला बोल्टनं पक्कं केलं, कारण हँडल ओढताना हलकं टेबल पुढं कलंडतं. मशीन खिडकीजवळ ठेवलं, धूर बाहेर जावा म्हणून. टेबलासमोर जमिनीवर वहिनीनं पिवळ्या रंगाची रेघ मारली. लेकरानं ती ओलांडायची नाही, हा घरचा नियम.

तेव्हा मशीन घ्यायला जाताना पैशाच्या आधी खडू आणि टेप खिशात घाला. घरचं सॉकेट, अर्थिंग आणि दाराची जागा बघा. मग किंमत विचारा.

गणपतीत पहिली ऑर्डर साठ टी-शर्टची आली. त्यातले चार बिघडले, छप्पन्न चांगले निघाले, चार पुन्हा छापले. धंदा मोठा झाला असं काही मी म्हणणार नाही. पण दसऱ्याला मुकादम आला, तेव्हा दादानं त्याला चहा पाजला आणि उचल घेतली नाही.