दुर्बिणीची तपासणी : भिऊ नका, लपवू नका

डॉक्टरांनी पोटाची दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, लिहून दिली की घशात नळी घालतात या भीतीने अनेक जण ती टाळतात. शौचाला डांबरासारखे काळे होणे, घास अडकणे, वजन उतरणे ही लक्षणे असतील तर टाळू नका. रक्ताची उलटी झाली तर लगेच रुग्णालय गाठा.

तपासणी साधारण 5 ते 10 मिनिटांची असते. बऱ्याच ठिकाणी घसा बधिर करणारा स्प्रे मारून नळी घालतात. उमाळे येतात, पण नळी अन्ननलिकेतून जाते, त्यामुळे श्वास कोंडत नाही. भीती फारच वाटत असेल तर गुंगीचे इंजेक्शन मिळेल का, हे विचारा. ही पूर्ण भूल नसते. हाक मारली तर पेशंट ओ देतो. मात्र गुंगीत श्वास मंदावू शकतो, म्हणून बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात.

गुंगीने पाचवे शील मोडते का? नाही. ते औषध आहे, नशा नव्हे. उलट पंचशील घेतलेल्या घरात दारूची गोष्ट लाजेपोटी लपवली जाते, त्यात खरा धोका आहे. दारू पिऊन आलेल्याला गुंगी दिली तर श्वास अडू शकतो. यकृत खराब असेल तर गुंगी लवकर उतरत नाही. घरच्यांसमोर सांगवत नसेल तर डॉक्टरांना एकट्याने सांगा.

विदर्भात आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे. अशा पेशंटला अंगातले पाणी किंवा ऑक्सिजन कमी झाला तर वेदनांचा झटका येऊ शकतो. सिकलसेलचे कार्ड सोबत न्या आणि उपाशी किती वेळ राहायचे ते आधी विचारा. दमा, गरोदरपण, मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधे, हलणारा दात हेही सांगा.

सर्वसाधारणपणे 6 तास आधीपासून जेवण आणि 2 तास आधीपासून पाणीही बंद ठेवतात. तपासणीनंतर घशाचा बधिरपणा गेल्याशिवाय काही खाऊ-पिऊ नका, ठसका लागतो. गुंगी घेतली असेल तर घरचे माणूस सोबत हवेच. त्यानंतर 24 तास गाडी, यंत्र चालवू नका. कामावरही जाऊ नका. रोजंदारी बुडणार, म्हणून ही सोय आधीच करा.

संमतीपत्रावर सही किंवा अंगठा देण्यापूर्वी ते मराठीत समजावून मागा. समजून घेतल्याशिवाय मानू नका, ही तथागतांची शिकवण इथेही लागू आहे.

जय भीम!