उसाची नोंद आणि आज्ञावलीचे कुलूप

वारणा खोऱ्यातील सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ साली हाती घेण्यात आला, तेव्हा ऊसउत्पादकास आपल्या उसाची नोंद गावातच पाहता यावी, हा त्यामागील एक हेतू होता. आता अशा नोंदी मोबाईलवरही पाहता येतात. समजा, कोडोलीच्या एखाद्या विद्यार्थ्याने साखर कारखान्याचे ॲप सर्व्हरशी कोणत्या सांकेतिक रीतीने बोलते, हे निरखले आणि वडिलांच्या वजनांचा हिशेब ठेवणारी स्वतःची आज्ञावली लिहिली. तर तो गुन्हेगार ठरावा काय?

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये १९९९ साली झालेली दुरुस्ती त्याच्या बाजूची दिसते. आज्ञावली कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास, दुसरी स्वतंत्र आज्ञावली तिच्याशी जुळविण्यापुरती आवश्यक माहिती अन्यथा सहज मिळत नसेल, तर ती शोधून काढण्याची मुभा आहे. परंतु ॲप त्याच्या हातात असले तरी सर्व्हर परक्याचा! तेथे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ४३ आडवे येते. विनापरवाना प्रवेशास ते भरपाई सांगते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली गूगलच्या बाजूने दिलेला निकालही येथे फारसा उपयोगी नाही. ओरॅकलशी असलेला तो वाद नकलेचा होता, प्रवेशाचा नव्हे.

दुसऱ्याच्या खात्यात डोकावणे निंद्यच. सर्व्हरचा खर्च कंपनी सोसते, हेही खरे. तथापि काट्यावरचे वजन कंपनीने पिकविलेले नाही. सभासदास त्याची नोंद खुल्या स्वरूपात मिळेल, अशी अट कारखान्यांनी आज्ञावलीच्या करारातच घालावी. वार्षिक सभेत हा प्रश्न कोणाही सभासदास विचारता येईल.