पावशेर डाळ

परवा वाण्याचं बिल पाहून मी सवयीने पुन्हा बेरीज केली. बँकेत आयुष्य गेलं, त्याची खोड. बेरीज बरोबर होती! शेजारी उभे असलेले गृहस्थ म्हणाले, ‘‘आपण असे भरडतोय आणि सरकार फुकट धान्य वाटतंय. माणसं आळशी होतील नाहीतर काय?’’

१९७२च्या दुष्काळात रेशनचा लाल मिलो आम्हीही खाल्ला. भाकरी घशाखाली उतरत नसे. पण आम्हाला कुणी आळशी म्हटलं नाही.

२०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने बहुतेक लाभार्थ्यांना माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. म्हणजे दिवसाला १६५ ग्रॅम, फार तर पाच पोळ्या. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई म्हणतात, ‘‘काका, गहू मिळतो हो, पण कालवणाचं काय?’’ तूरडाळ त्या पावशेर आणतात, तेल पुडीतलं. सुटं घेतलं की किलोमागे चार पैसे जास्तच पडतात. घाऊक भाव मला मिळतो, त्यांना नाही.

गृहस्थांना हे सांगितलं. ‘‘मग डाळही फुकट द्यायची?’’

‘‘फुकट नको. रास्त भावाने द्या. दुकानाच्या पाटीवर तेच लिहिलेलं असतं.’’