इलेक्ट्रॉनीय ग्रंथालय-साधने, विद्यापीठीय

विद्यापीठांतील विद्यार्थी व अध्यापक यांना संगणकीय जालाद्वारे उपलब्ध करून दिलेली नियतकालिके, ग्रंथ, प्रबंध, संदर्भसूची इत्यादींना ही संज्ञा लावतात. छापील ग्रंथ विद्यापीठ विकत घेते. इलेक्ट्रॉनीय नियतकालिकाचा मात्र ते बहुधा ठराविक मुदतीपुरता वाचन-परवाना घेते. या एका भेदातून पुढील बहुतेक प्रश्न उद्‌भवतात. वर्गणी थांबली, की करारात वेगळी तरतूद नसल्यास मागील अंकही वाचावयास मिळत नाहीत. छापील अंक निदान कपाटात तरी राहत असत.

परदेशी नियतकालिकांच्या वाढत्या वर्गण्या एकेका विद्यापीठाला पेलेनाशा झाल्या, तेव्हा सामाईक वर्गणीचा मार्ग पुढे आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट (स्थापना १९९१) या केंद्राने २००४ पासून विद्यापीठांसाठी ‘यूजीसी-इन्फोनेट’, तर २०१० पासून महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ ही योजना चालविली. २०१५ मध्ये या योजना ‘ई-शोधसिंधू’त विलीन करण्यात आल्या. १ जानेवारी २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत ३० प्रकाशकांची सु. १३,००० नियतकालिके असून तीन वर्षांसाठी सु. ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. पहिल्या टप्प्यात ती केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांपुरती ठेवण्यात आली. महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्था चालवितात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

प्रकाशकाचा संगणक वाचकाला सामान्यतः विद्यापीठाच्या जालपत्त्यावरून ओळखतो. त्यामुळे आवाराबाहेर पडताच तोच विद्यार्थी परका ठरतो. गावी जाऊन प्रबंध लिहिणाऱ्यास परिचयशब्द व संकेतशब्द देऊन दूरस्थ प्रवेश घ्यावा लागतो. ही सोय असूनही ती माहीत नसल्याने लेखाची किंमत दाखविणारे पृष्ठ पाहून मागे फिरणारे विद्यार्थी कमी नसतात. पदवी मिळाल्यावर तर हा प्रवेश बहुधा संपतोच.

वर्गणीच्या साधनांत इंग्रजीचे प्राबल्य असल्याने मराठी वाङ्‌मय वा स्थानिक इतिहास अभ्यासणाऱ्यास त्यांचा उपयोग बेताचाच होतो. त्याच्या दृष्टीने इन्फ्लिबनेटचे सर्वांस विनामूल्य खुले असलेले ‘शोधगंगा’ हे प्रबंधभांडार अधिक मोलाचे आहे. प्रबंध इलेक्ट्रॉनीय स्वरूपात सादर करणे आयोगाच्या २००९ च्या नियमांनी बंधनकारक केले. तथापि जुने मराठी प्रबंध केवळ पृष्ठांच्या प्रतिमा म्हणून ठेवलेले असल्यास त्यांतील शब्द संगणकाला शोधता येत नाहीत. ते पानन्‌पान चाळावे लागतात.