60 घमेले माती

घर बदलताना माणसं काय काय नेतात याची माझ्या डोक्यातली यादी पक्की होती. कपाट, दिवाण, देव्हारा, गॅसची शेगडी. नागपूरहून मुलताईकडे जाताना तिगावात चहाला थांबलो आणि त्या यादीत भर पडली. पन्नाशीतली एक बाई आणि तिचा विशीतला मुलगा हातगाडीवरून माती नेत होते. आधी वाटलं, बांधकामाची असेल. पण ही काळी होती, भुसभुशीत, आणि तिच्यात राखेचे करडे ठिपके, अंड्याच्या टरफलाचे तुकडे. कुठं नेताय म्हणून विचारलं.

‘नव्या घरी. वाडी करायची हाय न जी.’

रोहिणी लागून चार दिवस झाले होते. मृगाआधी काम उरकायचं होतं, त्यामुळे थांबून बोलायला तिला वेळ नव्हता. चहाचा ग्लास ठेवून मीच गाडीमागे चालू लागलो.

हकीकत साधी होती. वाटणी झाली. गावातलं जुनं मातीचं घर दिराकडे गेलं, हिच्या वाट्याला गावठाणाच्या कडेचा तुकडा आला. त्यावर दोन खोल्यांचं विटांचं घर उभं राहिलं. वाटणीच्या कागदावर खोल्या होत्या, विहिरीचा हिस्सा होता, बाभळीची दोन झाडंसुद्धा होती. घरामागच्या वाडीतली माती कोणी लिहिली नव्हती. तिनं दिराला विचारलं. तो हसला म्हणे, ‘माती कायले नेतं व? तिकडे माती नाही का?’ पण ने म्हणाला.

‘किती नेणार?’

‘साठ घमेले.’

मुलगा म्हणाला, पन्नास. तिनं पुन्हा सांगितलं, 60.

नवी जागा पाहिल्यावर दिराच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. घराच्या मागे साधारण 30 फूट बाय 12 फुटांची मोकळी पट्टी होती, आणि तिकडे खरंच माती नव्हती. पाया खोदताना वरची काळी माती कुठेतरी गेली, खालचा मुरूम वर आला, त्यावर ट्रॅक्टर फिरला, त्यावर वाळू चाळून झाली, गिलाव्याचा माल सांडला. मुलानं सब्बल मारली तर टण्ण आवाज आला. या भागातली काळी माती आणि हा मुरूम एकाच काळ्या दगडाची लेकरं आहेत. फरक इतकाच, की मुरूम म्हणजे माती व्हायच्या वाटेवर मध्येच थांबलेला दगड. घर बांधताना आपण ती वाट उलटी फिरवतो, पुढे गेलेली वस्तू गाडतो आणि मागे राहिलेली वर आणतो. नकाशात खिडक्यांची मापं असतात. वरची माती बाजूला ढीग करून ठेवा, असं लिहिलेला नकाशा मी अजून पाहिलेला नाही.

मी मनातल्या मनात हिशेब केला. एका घमेल्यात 15 किलो धरले तर 60 घमेल्यांचे 900 किलो. ऐकायला भरपूर. पण एवढ्या पट्टीवर पसरली तर बोटभरही थर बसत नाही. हे मी बोलून दाखवलं. तिनं माझ्याकडे, शाळेत न गेलेल्या पोराकडे पाहावं तसं पाहिलं.

‘पसरून कोण राह्यलं?’

पसरायची नव्हतीच. मुलानं सब्बलीनं खड्डे घेतले होते, हातभर रुंद, वीतभराहून थोडे खोल. एका आळ्याला 3 घमेले जुनी माती, वर टोपलंभर कुजलेलं शेणखत. 60 घमेल्यांत 20 आळी. बाकीची पट्टी मुरूमच राहणार होती, पाय ठेवायला. आळ्यांच्या कडेनं तुटक्या विटा लागल्या. पऱ्हाट्यांचं कुंपण आणि वर बोराटीच्या काट्या, शेळ्या आणि कोंबड्यांसाठी. न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं धोपा, म्हणजे अळू, आणि कोहळं. तुराट्यांचा मांडव. ही सगळी कामं मी उभा असताना दीड दिवसात झाली.

माती ओतायची पद्धत मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. घमेलं उपडं करण्याआधी ती प्रत्येक वेळी मूठभर माती हातात घेई, दाबे, सोडे. एकदा मला हुंगायला दिली. विझलेल्या चुलीचा वास होता, त्याखाली गोठ्याचा, आणि त्याखाली अजून काहीतरी ओलसर, जे मला नाव देता आलं नाही. जुन्या घरामागच्या वाडीत तिच्या सासूनं आणि नंतर तिनं रोजची राख, भाज्यांची देठं, भांड्यांचं पाणी टाकलं होतं. तिची तीस वर्षं. त्याआधीची सासूची.

(माझ्या नागपूरच्या गच्चीवर मी एकदा दुकानातून आणलेलं पोत्यातलं मिश्रण भरून टोमॅटो लावले होते. त्याला कसलाच वास नव्हता. टोमॅटोही आले नाहीत.)

मुलाला उरलेल्या विटांचं नाडेप टाकं बांधायचं होतं. पुसदच्या ना. दे. पांढरीपांड्यांनी रूढ केलेली ही खताची रीत: 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच जाळीदार टाकं, त्यात काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर. आई म्हणाली, ‘इतका कचरा व्हायले भाजी किती खावं लागन?’ टाकं राहिलं, कोपऱ्यात एक खड्डा झाला.

बियाणं दोन तऱ्हांचं होतं. एक कुठल्याशा शिबिरात मिळालेलं पाकीट, त्यावर हिंदीत ‘धनिया’, ‘बरबटी’ (चवळी). 1956 साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. म्हणून इथं तलाठी नाही, पटवारी आहे आणि पाकिटावर धनिया आहे. कोथिंबिरीला तोंडात मात्र सांबारच. दुसरं बियाणं घरचं, राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं. पाकिटातलं तिनं कडेला, मुरमात टाकलं. घरचं आळ्यांत. मी म्हटलं, हा पाकिटावर अन्याय आहे. ती म्हणाली, ‘उगवन त उगवन.’

जुलैच्या मध्यात परत गेलो. खरं तर काही काम नव्हतं. आजूबाजूच्या संत्र्यांच्या बागांत मृग बहाराची फुलं येऊन गेली होती. त्या झाडांना उन्हाळ्यात पाणी तोडून ताण देतात आणि मग पावसाची वाट पाहतात. वाडीत मात्र त्याच पावसावर कोणीतरी रागावून बसलं होतं. मोठा पाऊस झाला होता आणि दोन आळ्यांतली भेद्र्याची, म्हणजे टोमॅटोची, रोपं मान टाकून पडली होती. टणक मुरमातला खड्डा म्हणजे बादलीच. काळी माती पाणी धरते, बादली ते सोडत नाही, मुळं गुदमरतात. ‘सहा घमेले गेले,’ ती म्हणाली. रोपं गेली म्हणाली नाही. तिनं त्या आळ्यांतली माती वर काढून वाळत घातली होती आणि मुलगा तळाशी सब्बलीनं भोकं पाडत होता. उरलेल्या अठरा आळ्यांचा तळ आता झाडं उभी असताना कसा फोडायचा, याची त्याला चिंता.

भिंतीजवळची भेंडीही पिवळी होती, फक्त शिरा हिरव्या. ‘चुना लागला,’ तिनं निदान केलं. बरोबर होतं. सांडलेल्या सिमेंटनं जमीन चुनखडीसारखी होते आणि असलेलं लोहसुद्धा झाडाला घेता येत नाही. बाकी दोडक्यानं मांडव गाठला होता, वालाचे वेल तुराट्यांवर चढत होते, आणि मुरमातली पाकिटातली बरबटी, अन्याय सोसून, चार पानांवर थांबली होती.

तिसऱ्यांदा गेलो ते पोळा होऊन चार दिवसांनी. पांढुर्ण्याची गोटमार, ती दगडफेकीची जत्रा, झाली होती, गावात कोणाच्या कपाळाला किती टाके पडले याच गोष्टी. चिचोंड्याच्या घाटाकडे निघालेली एक मालगाडी ओरडत होती. तिनं न विचारता ओचाभर बरबटी तोडून माझ्या पिशवीत घातली, घरच्या बियाण्याची. दोन रिकाम्या आळ्यांत वाळवलेली माती परत भरून वांगी लावली होती.

आम्ही अंगणात बोलत होतो तेवढ्यात रस्त्यानं ट्रॅक्टर गेला. दिरानं जुनं घर पाडून पाया काढायला घेतला होता. ट्रॉली शिगोशीग भरलेली, वरची काळी माती, तिच्यात करडे ठिपके. पुढच्या वळणावर रस्त्याचा खड्डा बुजवायला चालली होती. मागच्या फळीच्या फटीतून ती बारीक धारेनं सांडत होती.

ती काही बोलली नाही. ट्रॅक्टर वळेपर्यंत पाहत राहिली. मग मुलाकडे वळून म्हणाली, ‘काबे, एका ट्रॉलीत किती घमेले बसते?’