आंत काय आहे?

(जपानी मांजूविषयीं नभोवाणीवरून केलेलें भाषण)

श्रोतेहो, परदेश पाहून आलेला मनुष्य तेथील देवळें, डोंगर आणि राजवाडे यांचीं वर्णनें मोठ्या हौसेनें करतो. परंतु आपण तेथें काय खाल्लें, आणि विशेषतः काय खाण्याचें टाळलें, हें सांगावयास तो थोडासा लाजतो. आज मी त्या लाजेविषयींच बोलणार आहें. विषय आहे जपानांतील मांजू नांवाचा, पुरण भरलेला एक गोड पदार्थ. आणि त्या निमित्तानें माझ्या मावशीकडून मला मिळालेला एक धडा.

दोन वर्षांपूर्वीं कार्तिक महिन्यांत मी मावशीला घेऊन जपान पाहावयास गेलों. मावशीचें वय सत्तरीच्या पुढचें. मांस-मासळी तिला वर्ज्य आणि अंडेंहि वर्ज्य. प्रवासाची हौस मात्र दांडगी. परक्या हातचा कोणताहि पदार्थ पुढें आला कीं तिचा प्रश्न ठरलेला, "आंत काय आहे रे?" टोकियोंतील पहिले तीन दिवस तिनें केळीं, भात आणि घरून नेलेला चिवडा यांवर काढले. दुकानदारापुढें तिचा प्रश्न हातवारे करून मांडतांना मला फार संकोच वाटे. इतक्या लांब येऊन यजमानांच्या अन्नाकडे संशयानें पाहावें, यांत त्यांचा अपमान आहे असें माझें मत होतें, आणि तें मीं मावशीला एकदोनदां बोलूनहि दाखविलें. चौथ्या दिवशीं आम्ही इकाहो येथें गेलों.

इकाहो हें टोकियोच्या वायव्येस, गुन्मा प्रांतांतील डोंगरउतारावर वसलेलें, ऊन पाण्याच्या झऱ्यांचें गांव. आपल्याकडे वज्रेश्वरीस लोक जसे स्नानाला जातात, तसे जपानी लोक या गांवीं जातात; मात्र येथें स्नानाइतकेंच महत्त्व गांवांतून हिंडण्याला आणि खाण्याला असतें. गांवाच्या मधून दगडी पायऱ्यांची वाट वर चढत गेली आहे. आज तिच्या पायऱ्या ३६५ आहेत. दोहों बाजूंस लहान लहान दुकानें, आणि त्यांतून निघणारी वाफ. येथील झऱ्याच्या पाण्यांत लोह असतें. हवा लागतांच त्याला गंजाचा तांबूस-तपकिरी रंग चढतो. १९१० सालीं तेथील एका मिठाईवाल्यानें या पाण्याची आठवण राहावी म्हणून मांजूच्या पिठांत काळी साखर घातली आणि त्याला तोच रंग आणला. ही काळी साखर म्हणजे उसाचा रस आटवून केलेला, आपल्या गुळाचाच भाऊबंद. आज जपानभर ऊन झऱ्यांच्या गांवोगांवीं जे तपकिरी मांजू मिळतात, त्यांचें मूळ पुष्कळ जण इकाहोंतच मानतात.

एका दुकानांतील म्हाताऱ्या बाईनें पेटाऱ्याचें झांकण काढून दोन वाफाळते मांजू आमच्यापुढें केले. मावशीनें आपला नेहमींचा प्रश्न केला. मी खालीं पाहूं लागलों. परंतु त्या बाईला भाषा न समजतां प्रश्न समजला. तिनें एक मांजू दोन्ही हातांनीं हलकेच उकलला आणि आंतलें तांबूस-काळें सारण मावशीला दाखविलें. मावशीनें वास घेतला, चिमूटभर चाखलें आणि ती म्हणाली, "अरे, हें तर पुरण!" सगळा मांजू संपल्यावर तिनें आणखी एक शेरा दिला, "वेलदोडा घालायला मात्र विसरलेले दिसतात."

मावशीचें निदान अचूक होतें. या सारणाला जपानी भाषेंत 'आन' किंवा 'आन्को' म्हणतात. तें बहुधा आझुकी नांवाच्या बारीक, तांबड्या कडधान्याचें असतें. आपले मूग, उडीद, मटकी आणि चवळी ज्या कुळांतलीं, त्याच कुळांतलें हें धान्य. आझुकी प्रथम उकळून तिचें पहिलें पाणी टाकून देतात, म्हणजे तुरटपणा जातो. नंतर ती बोटानें सहज चिरडेल इतकी शिजवितात. दाणे तसेच राखून साखरेंत आटविले कीं तें 'त्सुबुआन'. सालें गाळून, गर पाण्यांत निवळूं देऊन, फडक्यांत पिळून मग साखरेंत घोटला, कीं तें मऊसूत 'कोशिआन'. आपण हरभऱ्याची डाळ शिजवून, कट काढून, गूळ घालून ती पुरणयंत्रांतून काढतों. धान्य निराळें, कृति थोडी निराळी, पण कल्पना एकच. जायफळ-वेलदोडा मात्र जपानी पुरणांत घालीत नाहींत. धान्याचा स्वतःचा स्वाद झांकूं नये, अशी तेथील रुचि आहे. वरचें आवरण बहुधा मैद्याचें असतें. कांहीं मांजूंत कोनफळाच्या जातीचा एक चिकट कंद किसून तांदुळाच्या पिठांत मळतात. ते पांढरेशुभ्र मांजू चहाच्या समारंभांत मानाचे. कांहींचें पीठ तांदुळाच्या मद्याच्या आंबवणानें फुगवितात. मद्याचा वासहि ज्यांना नको, त्यांनीं हा शेवटचा प्रकार ओळखून ठेवावा.

पुढें आम्ही नारा पाहावयास गेलों. ७१० ते ७८४ या काळांतील ही जपानची राजधानी. तोदाइजी देवळांतील प्रचंड बुद्धमूर्ति आणि मोकळेपणीं हिंडणारीं हरणें पाहून परततांना स्थानकाजवळच कांगो नांवाचें एक शिंतो देवस्थान लागलें. त्याच्या आवारांत एक अगदीं लहान देऊळ आहे. तें कोणा राजाचें नव्हे, वीराचें नव्हे. मांजू करणाऱ्या एका मनुष्याचें आहे. त्याचें नांव रिन जोइन. दर वर्षीं १९ एप्रिलला तेथें उत्सव होतो आणि मिठाईवाले आपले मांजू देवापुढें ठेवतात.

परंपरा अशी सांगते, कीं १३४९ सालीं र्यूझान तोक्केन नांवाचा झेन भिक्षु चीनमधून मायदेशीं परतला, तेव्हां त्याचा चिनी शिष्य रिन जोइन त्याच्याबरोबर आला आणि नारा येथें स्थायिक झाला. चीनमध्यें त्या काळीं 'मांतोउ' नांवाचा वाफवलेला पदार्थ सर्वत्र होता. 'मांजू' हा शब्द त्याचाच जपानी उच्चार. या मांतोउविषयीं एक जुनी दंतकथा आहे. तिसऱ्या शतकांतील झूगे ल्यांग या मुत्सद्द्याला एक खवळलेली नदी ओलांडावयाची होती. नदीला नरमुंडांचा बळी द्यावा लागतो असें लोकांनीं सांगितलें, तेव्हां त्यानें पिठाचे मुंडके करून, त्यांत मांस भरून ते अर्पण केले. कथा खरी असो वा नसो, मांतोउच्या आंत मांस असे, हें खरें. आणि बौद्ध भिक्षूंना तर मांस वर्ज्य. तेव्हां रिन जोइननें काय केलें? त्यानें आकार तोच ठेवला, वाफवण्याची रीत तीच ठेवली, फक्त मांस काढून त्या जागीं शिजवलेली आझुकी भरली. मठांतील मंडळींना तें चाललें, आवडलें, आणि पुढें तें सर्व जपानचें झालें. साखर त्या काळीं जपानांत दुर्मिळ होती. गोडी आणावयाची तर एका रानवेलीचा रस आटवून वापरीत. अठराव्या शतकांत शोगुन योशिमुनेनें उसाच्या लागवडीला उत्तेजन दिलें, आणि साखर हळूहळू सामान्य माणसाच्या आवांक्यांत येऊं लागली.

मांजूच्या जन्माची दुसरीहि एक परंपरा आहे. एन्नी नांवाचा भिक्षु १२४१ सालीं चीनहून परतला आणि त्यानें हाकाता येथील एका चहावाल्याला आंबवलेल्या पिठाचे मांजू करावयास शिकविलें, असें ती सांगते. दोन्ही परंपरांत हा पदार्थ चीनमधून झेन मठांच्या वाटेनें आला, हें मात्र समान आहे.

नारा येथील त्या लहानशा देवळापुढें उभा असतांना माझा संकोच प्रथमच माझ्यावर उलटला. पावणेसातशें वर्षांपूर्वीं कोणा भिक्षूनें वाफाळता मांतोउ हातांत घेऊन हाच प्रश्न विचारला असेल, "आंत काय आहे?" त्यानें तो भिडेखातर गिळला असता, तर मांजू जन्मालाच आला नसता. ज्या प्रश्नाची मला लाज वाटत होती, त्या प्रश्नांतूनच हा पदार्थ निघाला होता. मीं हें मावशीला सांगितलें. ती एवढेंच म्हणाली, "विचारण्यांत अपमान कसला? न विचारतां पानांत टाकून देण्यांत अपमान."

क्योतो येथें मावशीला आणखी एक आप्त भेटला. आपला गणपति बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गें जपानांत गेला आणि तेथें 'कांगितेन' या नांवानें पुजला जातो. त्याला अर्पण करावयाच्या गोड पदार्थाला 'कांगिदान' म्हणतात. क्योतोंतील यासाका देवस्थानाजवळ १६१७ सालीं स्थापन झालेलें कामेया कियोनागा हें मिठाईचें दुकान तो अजून करतें. आझुकीच्या पुरणांत सात सुगंधी द्रव्यें मिसळून, पिठाच्या पारींत भरून, वरून चुण्या घालून तोंड आवळतात आणि तिळाच्या तेलांत तळतात. आकार नाणीं ठेवण्याच्या बटव्यासारखा. याचें नातें मोदकाशीं जोडलें जातें. तो हातांत घेतल्यावर मावशीनें त्याच्या चुण्या मोजल्या. त्यांत दालचिनीचा वास येतांच ती समाधानानें हंसली. इकाहोंत राहून गेलेला मसाला तिला येथें सांपडला होता.

त्याच सायंकाळीं मात्र माझी फजिती झाली. स्थानकाजवळच्या एका दुकानांत कांचेच्या ऊन कपाटांत गोल, पांढरे मांजू दिसले. आतां मला सर्व कळतें या घमेंडींत मीं दोन घेतले आणि एक मावशीच्या हातीं दिला. तिनें तो तोंडाशीं न नेतां दुकानांतील मुलीपुढें धरला आणि आपल्या शुद्ध मराठींत विचारलें, "आंत काय आहे, बाळ?" मुलीनें क्षणभर विचार केला आणि एका बोटानें स्वतःचें नाक वर दाबून डुकराची नक्कल करून दाखविली. तें 'निकुमान' होतें. 'निकु' म्हणजे मांस. मांतोउचें जुनें मांसाहारी रूप चीनमधून पुन्हां एकदां जपानांत आलें आणि आज तेथें फार लोकप्रिय आहे. त्याच कपाटांत, अगदीं तशाच रूपाचें, आझुकी भरलेलें 'आनमान'हि होतें. बाहेरून दोघांत फरक ओळखणें माझ्यासारख्याला अशक्य होतें. ज्या प्रश्नाबद्दल मीं मावशीला दोष दिला, त्यानेंच तिचें व्रत राखलें.

हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर भरतीच्या वेळीं समुद्रांत उभी दिसणारी भव्य तांबडी कमान पाहून आम्ही बाजारांत आलों. येथील प्रसिद्ध मांजू मेपलच्या पानाच्या आकाराचा असतो. १९०६ च्या सुमारास बेटावरील मिठाईवाले ताकात्सु त्सुनेसुके यांनीं तो प्रथम केला. हा वाफवीत नाहींत. सांच्यांत पातळ पीठ ओतून, मध्यें आन ठेवून भाजतात. त्याचें पीठ 'कासुतेरा' नांवाच्या केकचें, आणि कासुतेरा सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं जपानांत आणलेला. त्यांत अंडें असतें. मावशीनें तो खाल्ला नाहीं. परंतु सांचे उघडतांना आणि मिटतांना पाहत ती अर्धा तास तेथें उभी राहिली, आणि शेजाऱ्यांसाठीं दोन खोकीं विकत घेतलीं. "त्यांना चालतं," ती म्हणाली.

पोर्तुगीजांचें नांव निघालें म्हणून शेवटची एक गोष्ट सांगतों. पोर्तुगीज लोक १५१० सालीं गोव्यांत आले आणि १५४३ सालीं जपानांत पोंचले. दोन्हीकडे त्यांनीं आपली रोटी नेली आणि तिच्या नांवाचा दोन्हीकडे आपापला उच्चार झाला. आपण तिला 'पाव' म्हणूं लागलों, जपानी लोक 'पान' म्हणूं लागले. ही नवी रोटी जपान्यांच्या जिभेला रुजेना, तेव्हां टोकियोंतील किमुरा यासुबेई यांनीं १८७४ सालीं जुनीच युक्ति योजिली. पाव मद्याच्या आंबवणानें फुगविला आणि आंत आझुकी भरली. हाच 'आनपान'. ४ एप्रिल १८७५ रोजीं तो सम्राट मेइजी यांना अर्पण करण्यांत आला, तेव्हां त्याच्या मध्यभागीं खारवलेलें चेरीचें फूल बसविलें होतें. किमुरांचें दुकान टोकियोच्या गिंझा भागांत आजहि आहे. पाहुणा चीनहून येवो कीं पोर्तुगालहून, त्याचें बाहेरचें रूप तसेंच ठेवून आंत आपलें पुरण भरावयाचें, ही त्या लोकांची रीत मला फार शहाणपणाची वाटते.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं खाण्याचे कांहींना कांहीं नियम असतील, आणि परदेशीं ते पाळतांना जीव संकोचत असेल. जपानांत जाण्याचा योग आला, तर 'निकु' म्हणजे मांस आणि 'तामागो' म्हणजे अंडें हे दोन शब्द ध्यानांत ठेवा. त्याहून महत्त्वाचें असें एक वाक्य परत निघण्यापूर्वीं मावशीनें स्वतः पाठ केलें, "नाका वा नान देसु का?" अर्थ इतकाच, "आंत काय आहे?" तें हंसतमुखानें विचारा. विमानतळावरच्या मिठाईच्या दुकानांत मावशीनें तें विचारलें, तेव्हां मी तिच्या शेजारीं मान वर करून उभा होतों.