वहीत न मांडलेले भांडवल

पेढीची मोजदाद दरवर्षी होते. गोदामातील पोती मोजली जातात, येणे-देणे जुळवले जाते आणि ताळेबंद सनदी लेखापालाकडे रवाना होतो. परंतु ज्या भांडवलाच्या बळावर अनेक पेढ्या दोन-दोन, तीन-तीन पिढ्या उभ्या राहिल्या, ते कोणत्याच खात्यावर चढत नाही. पस्तीस वर्षे गादीवर बसलेल्या मुनीमजींच्या स्मरणात आणि माल पारखणाऱ्या जाणत्या गुमास्त्याच्या बोटांत ते साठलेले असते. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन त्यांना निरोप दिला जातो. त्यांच्या पाठोपाठ हे भांडवलही उंबरठा ओलांडते. त्याची उणीव मात्र पुढच्या हंगामात जाणवू लागते.

या भांडवलाचे स्वरूप सांगलीच्या हळद बाजारात स्पष्ट दिसते. मुरलेला पारखी हळकुंड मोडतो, मोडतानाचा आवाज ऐकतो, आतील गाभ्याचा रंग पाहतो आणि क्षणात ओलाव्याचा अंदाज बांधतो. सांगलीजवळील हरिपूर येथे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवण्याची परंपरा होती. पेव कोठे खणावे, तोंड कसे लिंपावे, उघडल्यावर आत साचलेली कोंदट हवा निघून जाईपर्यंत किती थांबावे, हे ज्ञान कामातूनच पुढे जात असे. 2005च्या महापुरात अनेक पेवे निकामी झाली. साठवण गोदामांकडे व शीतगृहांकडे वळली, तशी पेवाची जाण असणारी माणसेही विरळ होत गेली. 2018मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनामुळे नावाला संरक्षण मिळते; पारख टिकवण्याचे काम मात्र बाजारातील माणसांनाच करावे लागते.

ज्ञान कागदावर असूनही हरवू शकते, याचा पुरावा अनेक घरांच्या माळ्यावर सापडेल. महाराष्ट्रातील जुन्या व्यवहाराच्या कितीतरी वह्या मोडी लिपीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतून मोडी मागे पडली. आज त्याच घरातील नातवाला पणजोबांची कीर्द वाचता येत नाही. वही शाबूत आहे, शाईही टिकून आहे. तुटला आहे तो वाचणाऱ्यांचा धागा.

मोठ्या संस्थाही या संकटातून सुटलेल्या नाहीत. चंद्रावर माणूस नेणाऱ्या ‘सॅटर्न पाच’ या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात ‘एफ-1’ नावाची पाच प्रचंड इंजिने होती. सुमारे चार दशकांनंतर अमेरिकेतील ‘नासा’च्या मार्शल केंद्रातील तरुण अभियंत्यांनी ती समजून घेण्यासाठी एक जुने इंजिन सुटे केले. मूळ आराखडे उपलब्ध होते. परंतु प्रत्येक इंजिन कुशल कारागिरांनी हाताने जुळवलेले होते आणि जोडकाम करताना त्यांनी केलेले बारीकसारीक फेरफार आराखड्यांत उतरलेच नव्हते. अभियंत्यांना भागांची नव्याने मोजमापे घ्यावी लागली. अखेर जानेवारी 2013मध्ये त्या इंजिनाच्या एका महत्त्वाच्या भागाची चाचणी पार पडली. चंद्रमोहिमेच्या दप्तराची ही अवस्था, तर चार माणसांच्या पेढीने ‘सगळे संगणकात आहे’ या समजुतीवर किती विसंबावे?

संगणकातील खाते अमुक गिऱ्हाइकाकडे किती येणे आहे ते अचूक सांगते. तो गिऱ्हाईक श्रावणात हात आखडतो पण सुगी होताच पै-पै चुकती करतो, हे मात्र मुनीमजींना ठाऊक असते. एखाद्या गावचा माल वरून उजळ दिसला तरी तळाची पोती उघडून पाहावीत, हा धडा एकेकाळी सोसलेल्या नुकसानीतून मिळालेला असतो. नवा माणूस आकड्यांकडे पाहून जुन्या विश्वासू गिऱ्हाइकाला कडक पत्र धाडतो आणि गोडबोल्या नव्या गिऱ्हाइकाला सढळ उधारी देतो. पेढीचे दोन्ही बाजूंनी नुकसान होते.

हंगेरीत जन्मलेले विचारवंत मायकेल पोलान्यी यांनी अशा शब्दांत न मावणाऱ्या ज्ञानाचा सखोल विचार केला. ते मिळवण्याचा एक मार्ग जपानमध्ये 1980च्या दशकात दिसला. मात्सुशिता कंपनीला घरगुती पाव तयार करणारे यंत्र बनवायचे होते. पण यंत्राने मळलेले पीठ नीट साधत नव्हते. तेव्हा कंपनीतील एका तज्ज्ञ महिलेने ओसाका येथील एका हॉटेलातील मुख्य पाव-कारागिराच्या हाताखाली उमेदवारी केली. तो पीठ ताणताना त्याला विशिष्ट पीळ देतो, हे तिने हेरले. कारागिराने हे कधी सांगितले नव्हते, कारण वेगळे सांगण्यासारखे त्यात काही आहे असे त्याला वाटलेच नसावे.

पेढीसाठी यातून तीन वाटा निघतात. पहिली वाट लिहिण्याची. पुरवठादार, वाहतूकदार, कराच्या तारखा, जुने वाद व त्यांचे निवाडे यांची नोंद करावी. प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयापुढे त्याचे कारणही लिहावे. दुसरी वाट नमुन्याची. हिऱ्यांच्या व्यापारात रंगाची प्रत ठरवण्यासाठी प्रमाण खडे शेजारी ठेवून तुलना करतात. त्याच धर्तीवर धान्य, मसाले वा कापडाच्या पेढीत उत्तम, मध्यम आणि नाकारलेल्या मालाचे नमुने नाव, हंगाम व शेरा यांसह जपता येतात. तिसरी वाट सहवासाची, आणि तिला वेळ द्यावाच लागतो. निवृत्तीआधी किमान एक पूर्ण वर्ष, दिवाळी ते दिवाळी, उत्तराधिकाऱ्याने मुनीमजींच्या शेजारी बसावे. पहिले सहा महिने पाहावे. पुढचे सहा महिने स्वतः काम करावे आणि मुनीमजींनी पाहावे.

काय शिकायचे राहिले आहे, हे शोधण्याचा एक साधा उपाय आहे. मुनीमजींना निवृत्तीपूर्वी महिनाभर भरपगारी रजा देऊन यात्रेला जाऊ द्यावे. त्या काळात जे जे अडेल, त्याची टिपणे ठेवावीत. तीच उरलेल्या शिक्षणाची यादी.

मात्र या साऱ्या उपायांच्या मुळाशी एक नाजूक प्रश्न आहे. जाणता माणूस आपले ज्ञान का देईल? आपली गरज संपली की आपली जागाही संपेल, ही भीती अनेकांच्या मनात असते. परदेशातून पदवी घेऊन आलेल्या धाकट्या शेठजींनी पहिल्याच आठवड्यात ‘ही जुनी पद्धत बंद करा’ असे सुनावले, तर मुनीमजी मान डोलावतात आणि पुढे मौन धरतात. त्या मौनाची किंमत पेढी मोजते. 1972च्या कायद्याने ग्रॅच्युइटी हा दीर्घ सेवेचा हक्क मानला. ती रक्कम उपकाराच्या भावनेने न देता वेळेवर व सन्मानाने हाती पडली, तर मन मोकळे होते. निवृत्तीनंतर सल्ला हवा असेल तर आठवड्यातील दिवस आणि मानधन आधी ठरवावे. वेळी-अवेळी फुकट फोन करणे ही आपुलकी नव्हे.

जुने ते सारे जपावे, असाही याचा अर्थ नाही. काही रूढी कालबाह्य झालेल्या असतात, आणि एकाच माणसाच्या मुठीत राहिलेल्या व्यवहारात चूक किंवा लबाडीही वर्षानुवर्षे दडू शकते. ज्ञान दोघा-तिघांत वाटले गेले की पेढी सुरक्षित होते आणि प्रामाणिक मुनीमजींवर विनाकारण संशय येण्याचा धोकाही टळतो. एखादी पद्धत मोडण्यापूर्वी ती का पडली, एवढे विचारून घेतले तरी पुरे.

येत्या वहीपूजनापूर्वी शिलकेचा हिशेब होईलच. त्याच बैठकीत आणखी एक यादी करता येईल : पेढीतील कोणते काम केवळ एकाच माणसाला येते, आणि त्या माणसाच्या निवृत्तीला किती महिने उरले आहेत. यादीतील पहिल्या नावाशेजारी उद्यापासून कोणी बसायचे, हे ठरवूनच बैठक उठावी.